बिनपडद्याच्या संगणकाचा बिघाड कसा शोधावा

(ग्रामपातळीवरील कार्यकर्ते व शेतकरी बंधू यांच्यासाठी एक पाठ)

शेतीच्या कामात आता संगणकाचा प्रवेश झाला आहे. ठिबक सिंचनाचे पाणी ठरलेल्या वेळी सोडणे, हरितगृहातील उष्णतामानाची नोंद ठेवणे, द्राक्षबागेतील पानांचा ओलावा मोजणे अशी कामे एका लहानशा पेटीत बसविलेला संगणक करीत असतो. ह्या संगणकाला पडदा नसतो, कळफलक नसतो व माउसही नसतो. तो एकदा बसविला म्हणजे महिनोन्महिने निमूटपणे काम करतो आणि म्हणूनच तो पेटीत आहे ह्याचा आपल्याला विसर पडतो.

परंतु एखाद्या दिवशी पाणी सुटत नाही. मोबाइलवर नेहमी दिसणारे आकडे दिसत नाहीत. पेटी उघडावी, तर आत एक हिरवा बोर्ड आणि लुकलुकणारे दोन दिवे, एवढेच दृष्टीस पडते. यंत्राला काय झाले आहे हे त्याला विचारावे कसे, हाच प्रश्न पडतो. अशा वेळी बहुतेकजण वीज बंद करून पुन्हा चालू करतात. तेवढ्याने भागले नाही, तर आतील मेमरी कार्ड बदलून टाकतात. ह्या दोन्ही उपायांनी कधी काम होते. परंतु पुष्कळदा बिघाडाचे मूळ तसेच राहते, आणि पाण्याच्या पाळ्या व हंगामभराच्या नोंदी मात्र पुसल्या जातात. रोग न ओळखता औषध फवारण्यासारखाच हा प्रकार होय.

वास्तविक हा मुका दिसणारा संगणक बोलत असतो. त्याचे बोलणे ऐकण्याची सोय मात्र आपण केलेली नसते. ती सोय म्हणजे सीरियल कन्सोल. तीन तारा, एक छोटा कन्व्हर्टर व एक लॅपटॉप एवढ्या साहित्यावर ती करता येते. ती कशी करावी व संगणकाने सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ कसा लावावा, ह्याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. सर्वत्र सहज मिळणारा ‘रास्पबेरी पाय’ हा लहान संगणक येथे उदाहरणादाखल घेतला आहे. २०१२ साली ब्रिटनमध्ये तो प्रथम विक्रीस आला. इतर बोर्डांच्या बाबतीत पिनांची जागा निराळी असेल, परंतु तपासणीची रीत हीच आहे.

सीरियल कन्सोल म्हणजे काय?

जुन्या तारघरातील कारभार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना चटकन कळेल. तारयंत्रावर एका तारेतून एकामागून एक खुणा जात आणि पलीकडचा तारमास्तर त्या जुळवून अक्षरे लिहून घेई. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु तीच पद्धत ह्या पेटीत अजून जिवंत आहे. संगणक प्रत्येक अक्षराच्या आठ खुणा करतो, आरंभी एक सुरुवातीची खूण व शेवटी एक समाप्तीची खूण जोडतो, आणि अशा दहा खुणा एकाच तारेवरून ओळीने पाठवितो. खुणा पाठविण्याच्या वेगाला ‘बॉड’ असे म्हणतात. एमिल बोदो ह्या फ्रेंच तारतज्ज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. आपल्या संगणकाचा वेग साधारणतः ११५२०० असतो. म्हणजे एका सेकंदात ११,५२० अक्षरे जाऊ शकतात.

येथे कोणी विचारील की, संगणक जर मोबाइलच्या अथवा वाय-फायच्या जाळ्यावर आहे, तर ह्या तारांची गरज काय? ह्याचे उत्तर असे की, जाळ्यावरून संगणकाशी बोलण्यासाठी त्याचे कार्ड, त्यावरील संचालन प्रणाली, जाळ्याची जोडणी व राउटर ही सारी साखळी धडधाकट असावी लागते. त्यांपैकी एक कडी तुटली की संवाद संपला. सीरियल कन्सोलला ह्यांपैकी फारच थोड्या गोष्टी लागतात. संचालन प्रणालीचा गाभा स्मृतीत उतरला, की तो लगेच बोलू लागतो, आणि पुढे अडखळला तर कोठे अडखळला हेही सांगतो. विहिरीचे पाणी आटले की नाही हे नळाला पाणी येते का ह्यावरून ठरवीत नाहीत, विहिरीत डोकावून पाहतात. कन्सोल म्हणजे असे डोकावणे होय.

लागणारे साहित्य

(१) यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर. हा ३.३ व्होल्टचाच असावा. कित्येक कन्व्हर्टरवर ३.३ व ५ व्होल्ट निवडण्याची कळ असते, ती ३.३ वर असल्याची खात्री करून घ्यावी.

(२) तीन रंगांच्या, दोन्ही टोकांना खोबण असलेल्या जोडतारा. त्या शक्यतो अर्ध्या मीटरहून लांब नसाव्यात.

(३) लॅपटॉप, व त्यावर ‘पुट्टी’ किंवा ‘मिनिकॉम’ यांपैकी एक कार्यक्रम. दोन्ही विनामूल्य मिळतात.

(४) वही व पेन्सिल. ह्यांचे महत्त्व पुढे कळून येईल.

एक धोक्याची सूचना येथेच दिली पाहिजे. जुन्या संगणकांच्या पाठीमागे नऊ पिनांची जी खोबण असते, तिला ‘आरएस-२३२’ असे म्हणतात. हे मानक अमेरिकेत १९६० साली ठरले. त्यावरील खुणा धन व ऋण तीन ते पंधरा व्होल्टच्या असतात. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच सहन करतात. तेव्हा आरएस-२३२ ची केबल त्यांना सरळ जोडल्यास बोर्ड कायमचा निकामी होण्याचा संभव आहे. दोन्हींना ‘सीरियल’ म्हणत असले, तरी बैलगाडीचे जू वासराच्या मानेवर ठेवण्यासारखीच ही चूक आहे.

पेटी उघडण्यापूर्वी

सर्वप्रथम पिकाकडे पाहावे. रोपे सुकत असतील, तर यंत्राची चिकित्सा करीत बसू नये. व्हॉल्व्ह हाताने उघडून पाणी द्यावे व मग निवांतपणे पेटीकडे वळावे. आधी पीक, मग यंत्र, हा नियम कधीही मोडू नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. संगणकाची पेटी पुष्कळदा मोटारीच्या स्टार्टरशेजारी असते. स्टार्टरला तीन फेजची, सुमारे ४१५ व्होल्टची वीज येते. मुख्य स्विच खाली ओढल्याशिवाय स्टार्टरच्या पेटीला हात लावू नये. आणि संगणक व स्टार्टर एकाच पेटीत असल्यास तारतंत्र्यास बोलावूनच पुढील काम करावे. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवावा, चार्जर लावू नये. कारण शेतावरील अर्थिंग चांगले नसल्यास चार्जरच्या वाटेने येणारी वीज जोडतारांतून बोर्डात शिरू शकते.

तिसरी गोष्ट, दिव्यांचे निरीक्षण. रास्पबेरी पायच्या अनेक नमुन्यांत तांबडा दिवा वीज आल्याचे दर्शवितो, तर हिरवा दिवा मेमरी कार्डावरील वाचन-लेखनाबरोबर लुकलुकतो. तांबडा दिवा मधूनच विझत असेल, तर वीज अपुरी पडत आहे असे समजावे. तांबडा दिवा लागलेला पण हिरवा मुळीच लुकलुकत नाही, असे असल्यास कार्ड नीट बसलेले नाही किंवा वाचले जात नाही, असा तर्क करावा. जे दिसेल ते वेळेसह वहीत लिहावे. वीज बंद केल्यावर ही साक्ष पुन्हा मिळणार नाही.

जोडणी

संगणकाची वीज बंद करावी. बोर्डाच्या कडेला चाळीस पिनांच्या दोन रांगा दिसतील. बाहेरच्या कडेची रांग सम अंकांची असते. तीतील ६, ८ व १० ह्या तीन पिना आपल्या कामाच्या आहेत.

पिन ६ ही ‘ग्राउंड’ होय. ती कन्व्हर्टरच्या ग्राउंडला जोडावी. पिन ८ ही संगणकाची ‘बोलण्याची’ पिन आहे. ती कन्व्हर्टरच्या ‘ऐकण्याच्या’ पिनेला, म्हणजे ‘आरएक्स’ असे लिहिलेल्या पिनेला जोडावी. पिन १० ही संगणकाची ‘ऐकण्याची’ पिन. ती कन्व्हर्टरच्या ‘टीएक्स’ पिनेला जोडावी. थोडक्यात, एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी आले पाहिजे. तोंडाशी तोंड लावल्यास दोघेही बोलतील आणि ऐकणारा कोणी राहणार नाही.

कन्व्हर्टरला बहुधा चौथी, तांबडी तारही असते. तीतून वीज येते. संगणकाला स्वतःचा वीजपुरवठा असल्यामुळे ती तार मोकळी ठेवून तिच्या टोकाला चिकटपट्टी लावावी. ती कोठेही जोडू नये. पिना मोजताना दोन वेळा मोजाव्यात. २ व ४ ह्या पिनांवर ५ व्होल्ट असतात, आणि त्या ६ क्रमांकाच्या अगदी शेजारी आहेत. ह्याच कारणाने चालू बोर्डाच्या पिनांवर मल्टिमीटरची टोके टेकवू नयेत. टोक घसरून दोन पिना जुळल्या, तर नसलेला बिघाड निर्माण होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक नमुन्यांत सीरियल कन्सोल मुळात बंद असतो. तो चालू करण्यासाठी कार्ड लॅपटॉपमध्ये घालून, त्यावरील ‘बूट’ विभागात ‘कॉन्फिग’ नावाची जी मजकूर-फाइल असते, तिच्या शेवटी ‘इनेबल, अधोरेषा, यूएआरटी, बरोबर, १’ अशी ओळ लिहावी लागते. हे काम संगणक बसवितानाच करून ठेवणे उत्तम. तसेच, ह्याच ८ व १० क्रमांकाच्या पिनांवर एखादा संवेदक किंवा मोडेम जोडलेला असेल, तर कन्सोल त्यांवर वापरता येणार नाही. ज्याने यंत्र बसविले त्याला हे आधी विचारून घ्यावे. रास्पबेरी पायच्या पाचव्या नमुन्यात कन्सोलसाठी तीन पिनांची स्वतंत्र खोबण दिलेली आहे.

लॅपटॉपवरील मांडणी

कन्व्हर्टर लॅपटॉपला लावल्यावर विंडोजमध्ये त्याला ‘कॉम ३’, ‘कॉम ४’ असा एखादा क्रमांक मिळतो. तो ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्ये पाहावा. पुट्टी उघडून ‘सीरियल’ हा प्रकार निवडावा आणि पुढीलप्रमाणे मांडणी करावी : वेग ११५२००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १, फ्लो कंट्रोल नाही. ह्यांतील शेवटची गोष्ट विसरू नये, कारण फ्लो कंट्रोल चालू राहिल्याने पुष्कळांचा अर्धा दिवस वाया जातो.

त्याच कार्यक्रमात ‘लॉगिंग’ ची सोय आहे. ती सुरू केल्यास पडद्यावर येणारा सर्व मजकूर फाइलमध्ये उतरतो. ही नोंद पुढे तंत्रज्ञाला पाठविता येते. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ असे सांगण्यापेक्षा ती फाइल देणे केव्हाही चांगले.

आधी लॅपटॉप ऐकण्यास सज्ज ठेवावा आणि मगच संगणकाची वीज चालू करावी. पहिल्या काही सेकंदांतच महत्त्वाच्या ओळी येऊन जातात.

काहीच न दिसल्यास

यंत्राला दोष देण्यापूर्वी आपली जोडणी तपासावी. तिचा क्रम असा :

(१) कन्व्हर्टरची परीक्षा. त्याच्या तिन्ही तारा संगणकापासून सोडवून त्याचीच ‘टीएक्स’ व ‘आरएक्स’ ही दोन टोके एका तारेने जोडावीत. आता लॅपटॉपवर जे अक्षर दाबावे, ते पडद्यावर उमटले पाहिजे. उमटल्यास कन्व्हर्टर, त्याचा क्रमांक व कार्यक्रम ही सर्व ठीक आहेत. न उमटल्यास दोष आपल्या बाजूलाच आहे. विहिरीत ओरडून प्रतिध्वनी ऐकावा, तशी ही परीक्षा असून तिला अर्धे मिनिटही लागत नाही.

(२) पडदा कोरा. कन्व्हर्टर ठीक असूनही काही न दिसल्यास ८ व १० च्या तारांची अदलाबदल करून पाहावी. ग्राउंडची तार सैल नाही ना, हे पाहावे. नंतर ‘एन्टर’ ची कळ एक-दोनदा दाबावी. संगणक आधीच चालू होऊन गप्प बसलेला असेल, तर तो उत्तर देतो.

(३) अक्षरांचा चिवडा. प्रश्नचिन्हे, चौकोन व वेडीवाकडी अक्षरे दिसत असल्यास वेग जुळत नाही असे समजावे. ११५२०० च्या जागी ९६०० लावून पाहावे. ग्राउंडची तार सुटलेली असल्यासही असा चिवडा होतो.

(४) ओळी दिसतात, पण आपण दाबलेली कळ पोहोचत नाही. फ्लो कंट्रोल बंद आहे का, हे पाहावे. तसे असूनही कळ पोहोचत नसेल, तर १० क्रमांकाच्या पिनेची तार तपासावी.

ही सारी परीक्षा झाल्यावरही पडदा कोराच राहिला आणि हिरवा दिवाही लुकलुकला नाही, तर वीजपुरवठा बदलून पाहावा व त्यानंतर दुसरे चांगले कार्ड घालून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कोणत्या उपायाने गुण आला, हे कळत नाही.

संदेशांचे वाचन

जोडणी साधली म्हणजे पडद्यावर ओळींचा पाऊस पडू लागतो. त्या सर्व वाचण्याचे कारण नाही. नियम एकच : शेवटची चूक नव्हे, पहिली चूक शोधावी. एक गोष्ट बिघडली म्हणजे तिच्यावर अवलंबून असलेल्या दहा गोष्टी मागोमाग बिघडतात आणि त्या सर्वांच्या तक्रारी खाली येतात. बांध फुटल्यावर खालच्या सगळ्या वावरांत पाणी शिरते. परंतु दुरुस्ती वरच्या भगदाडाची करावयाची असते. नेहमी आढळणारे प्रकार पुढे दिले आहेत.

अपुरी वीज : ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ ही ओळ आली, तर बोर्डाला मिळणारी वीज सुमारे ४.६ व्होल्टच्या खाली गेली असे समजावे. येथे मेमरी कार्ड बदलून काही साध्य होणार नाही. मोबाइलचा साधा चार्जर, लांब व बारीक केबल, किंवा गंजलेली खोबण ही त्याची कारणे असतात. तिसऱ्या नमुन्याला ५ व्होल्टवर २.५ अँपियर व चौथ्याला ३ अँपियर देणारा पुरवठा लागतो. अपुऱ्या विजेमुळे पुढे कार्डही खराब होते, यास्तव ह्या ओळीकडे दुर्लक्ष करू नये.

कार्डाचा दोष : ‘एमएमसी’ ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘टाइमआउट’ किंवा ‘एरर’ हे शब्द, ‘एक्स्ट-४ एरर’ ची ओळ, अथवा ‘कर्नल पॅनिक’ व ‘अनेबल टू माउंट रूट’ हे शब्द दिसले, तर कार्डावरील मजकूर वाचता येत नाही असे जाणावे. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, की असे घडते. वीज काढून कार्ड एकदा बाहेर घ्यावे व घट्ट बसवून पुन्हा पाहावे. तरीही तेच आल्यास दुरुस्तीचा कोणताही आदेश देण्यापूर्वी त्या कार्डाची संपूर्ण नक्कल दुसऱ्या कार्डावर घ्यावी, किंवा घेववावी. दुरुस्ती करणारा कार्यक्रम मोडक्या कार्डावर लिहितो, आणि मग वाचलेल्या नोंदीही हाती लागत नाहीत.

अडखळलेली सुरुवात : ‘इमर्जन्सी मोड’ हे शब्द आले, तर कार्ड बहुधा शाबूत आहे, परंतु संगणक एखाद्या जोडसाधनाची वाट पाहून थकला आहे. नोंदी साठविण्यासाठी लावलेला पेन ड्राइव्ह कोणी काढून नेला असेल, तर असे हमखास घडते. पेन ड्राइव्ह परत लावून संगणक पुन्हा चालू करावा. पेन ड्राइव्ह नसला तरी संगणकाने थांबू नये, अशी सूचना यादीत घालता येते. ती तंत्रज्ञाकडून घालून घ्यावी.

‘लॉगिन’ चा प्रश्न : हा शब्द दिसला, तर संगणकाचा गाभा, कार्ड व वीज ही तिन्ही बहुतांशी ठीक आहेत. आता नाव व संकेतशब्द देऊन आत जावे. संकेतशब्द लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही. त्याने गोंधळून जाऊ नये.

आत गेल्यावरचे चार प्रश्न

पुढील आदेश येथे अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. कळफलकावर ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहून एन्टर दाबावे. ह्या चारही आदेशांनी फक्त माहिती मिळते, काहीही बदलत नाही. तेव्हा ते देण्यास भिऊ नये.

पहिला प्रश्न : किती वाजले? ‘डी-ए-टी-ई’ असे लिहावे. आलेली तारीख व वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी.

दुसरा प्रश्न : जागा शिल्लक आहे काय? ‘डी-एफ’, मग एक जागा सोडून वजाबाकीची खूण व ‘एच’. कोठेही १०० टक्के दिसल्यास कार्ड भरले आहे व नव्या नोंदी लिहिल्या जात नाहीत.

तिसरा प्रश्न : जाळ्यावर पत्ता मिळाला आहे काय? ‘आय-पी’, जागा, ‘ए’. वाय-फायच्या ओळीखाली चार अंकांचा पत्ता नसल्यास राउटरकडे पाहावे.

चौथा प्रश्न : चालू झाल्यापासून काय तक्रारी झाल्या? ‘एस-यू-डी-ओ’, जागा, ‘डी-एम-ई-एस-जी’. ह्यात वर सांगितलेल्या ओळी पुन्हा वाचावयास मिळतात.

एक उदाहरण

समजा, एप्रिल महिना आहे. टोमॅटोच्या रोपवाटिकेला रोज सकाळी ६ वाजता पाणी सोडण्याचे काम संगणकाकडे आहे. एके दिवशी सकाळी ९ वाजेपर्यंत पाणी सुटले नाही आणि रोपे माना टाकू लागली. मोबाइलवरून संगणकाशी बोलता येत नाही. शेतकऱ्याने व्हॉल्व्ह हाताने उघडून रोपे वाचविली व कार्यकर्त्याला बोलाविले.

दिवे पाहिले, तर तांबडा स्थिर व हिरवा अधूनमधून लुकलुकणारा. म्हणजे वीज व कार्ड चालू आहेत. ह्या पेटीत कन्सोलची तार आधीच बाहेर काढून ठेवली होती, म्हणून वीज बंद करावी लागली नाही. लॅपटॉप लावून एन्टर दाबताच ‘लॉगिन’ हा शब्द आला. यंत्र जिवंत आहे! आत जाऊन वेळ विचारली. घड्याळात सकाळचे ९ वाजून ३० मिनिटे झाली होती. संगणकाच्या मते मात्र पहाटेचे ३ वाजून ४५ मिनिटे झाली होती. म्हणजे तो पावणेसहा तास मागे होता.

हे कसे झाले? रास्पबेरी पायच्या चौथ्यापर्यंतच्या नमुन्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेली की वेळ थांबते. पुन्हा चालू झाल्यावर तो मागे जतन केलेल्या वेळेपासून मोजू लागतो आणि जाळ्यावरून खरी वेळ मिळाली, की चूक सुधारून घेतो. चौकशीत कळले की, रात्री ११ ला वीज गेली व पहाटे ४ ला आली. शेवटची जतन केलेली वेळ १० वाजून १५ मिनिटांची होती. म्हणून पहाटे ४ वाजता संगणकाने रात्रीचे सव्वादहा धरले. ही चूक जाळ्यावरून सुधारली का गेली नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाहिले, तर पत्ता होता; परंतु राउटरमधील सिमकार्डाची मुदत आदल्या दिवशीच संपलेली होती. मोबाइलवरून बोलता न येण्याचे कारणही तेच.

संगणकाच्या हिशेबाने सकाळचे ६ वाजावयास खरे पावणेबारा वाजले असते. एप्रिलच्या उन्हात तोवर रोपवाटिकेची काय अवस्था झाली असती, हे सांगावयास नको. लक्षात घेण्याची गोष्ट ही की, यंत्रात एकही भाग बिघडलेला नव्हता. कार्ड बदलले असते, तर पाळ्यांची मांडणी गेली असती आणि पुढच्या वेळी वीज गेल्यावर हेच पुन्हा घडले असते. उपाय तीन होते : सिमकार्डाची मुदत वाढविणे, तोवर वेळ हाताने लावणे, आणि ‘डीएस३२३१’ सारखे बॅटरीचे लहान घड्याळ बोर्डाला कायमचे जोडणे. वेळ हाताने लावण्यापूर्वी मोटारीचा स्विच बंद ठेवावा. कारण चुकलेली पाळी लक्षात येताच काही कार्यक्रम एकदम पाणी सोडतात.

आधी घ्यावयाची काळजी

बिघाड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा पुढील गोष्टी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवाव्यात.

(१) कन्सोल चालू करून तिन्ही तारा पेटीतील एका छोट्या खोबणीपर्यंत आणून ठेवाव्यात व त्यांवर ‘ग्राउंड’, ‘बोलणे’, ‘ऐकणे’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात.

(२) यंत्र चांगले चालू असताना एकदा कन्सोल लावून सर्व ओळी फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात. निरोगी जनावराची चाल ज्याने पाहिली आहे, त्यालाच लंगडणे ओळखू येते.

(३) चालू कार्डाची नक्कल करून ते दुसरे कार्ड कोरड्या डबीत ठेवावे.

(४) संगणक बंद करावयाचा असल्यास वीज ओढू नये; आत जाऊन ‘सूडो पॉवरऑफ’ हा आदेश द्यावा व हिरवा दिवा शांत झाल्यावर स्विच बंद करावा.

(५) पेटीची भोके बुजवावीत. मुंग्या, पाली व दमट हवा ही तिन्ही बोर्डाची शत्रू आहेत.

(६) पेटीला कुलूप असावे. कन्सोलची तार ज्याच्या हाती लागेल, तो यंत्राच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. संकेतशब्द अवघड असावा, मात्र तो घरातील दोघांना तरी ठाऊक असावा.

समारोप

वरील माहितीने प्रत्येक बिघाड आपल्याच हातून दुरुस्त होईल, असे नाही. जळालेला बोर्ड किंवा मोडलेले कार्ड तंत्रज्ञाकडेच गेले पाहिजे. परंतु बिघाड विजेचा, कार्डाचा, जाळ्याचा की घड्याळाचा, एवढे जरी निश्चित कळले, तरी अर्धे काम झाले. तालुक्याच्या गावाची फुकटची खेप वाचते, योग्य तोच भाग आणला जातो, आणि हंगामाच्या नोंदी सुरक्षित राहतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक कन्व्हर्टर आपल्या पिशवीत बाळगावा व गावातील एका तरी तरुणाला ही जोडणी प्रत्यक्ष करून दाखवावी. हे शिक्षण पुस्तकापेक्षा हाताने लवकर येते. शेतकरी बंधूंनीही यंत्र मुके आहे असे समजून त्याच्यावर रागावू नये. त्याला तीन तारांनी वाचा द्यावी, ते काय सांगते ते शांतपणे वहीत लिहून घ्यावे, आणि मगच हात लावावा.